डिस्क ब्रेकचे पॅड, माउंटन सायकलचे : निवड व बसवणी

चाकाच्या हबला जोडलेली पोलादी चकती, म्हणजे रोटर, दोन्ही बाजूंनी दाबून सायकल थांबवणाऱ्या बदलता येणाऱ्या पट्ट्यांची जोडी. प्रत्येक पॅड अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा असतो. त्याची पाठ धातूची असून तिच्यावर घर्षणाचे अस्तर बसवलेले असते. मोटारसायकलवाल्यांच्या बोलीत यालाच लायनर म्हणतात. दोन पॅडांमध्ये पातळ स्प्रिंग असते आणि आरपार जाणारी पिन किंवा स्क्रू ही जोडी कॅलिपरमध्ये, म्हणजे रोटरला कवेत घेणाऱ्या ब्रेकच्या पकडीत, धरून ठेवतो. पॅड झिजण्यासाठीच केलेला असतो, आणि म्हणून तो पुन्हापुन्हा निवडावा लागतो. ही निवड बहुतेक वेळा ‘होता तसाच द्या’ एवढ्या शब्दांत उरकली जाते. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे असे, की पॅड तीन गोष्टींवरून ठरवावा : रोटर कोणता पॅड चालवून घेतो, सायकल कोणत्या उतारावरून खाली येते आणि ती पावसात चालते का. कंपनी व किंमत यांचा विचार त्यानंतरचा.

हे म्हणणे तपासायला पनवेलजवळचे पळस्पे सोयीचे आहे. मुंबई-पुणे जुना महामार्ग, गोव्याकडे जाणारा महामार्ग (पूर्वीचा १७, आताचा ६६) आणि न्हावाशेवा बंदराकडून येणारा कंटेनरचा रस्ता (पूर्वीचा ४ ब) पळस्प्याला एकत्र येतात. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी असल्याने नवी मुंबईहून खोपोली-लोणावळ्याकडे निघालेला सायकलस्वार जुन्या रस्त्याने इथूनच पुढे जातो. उजवीकडे वळले तर कर्नाळ्याची खिंड, सरळ गेले तर शेडुंग फाट्यावरून ठाकूरवाडी आणि प्रबळमाचीची मातीची वाट, आणखी पुढे बोरघाट. एकाच सायकलीला सपाट रस्त्यावरची खडीची भुकटी, डोंगरवाटेचा चिखल आणि सलग लांब उतार असे तिन्ही सोसावे लागतात. त्यात रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच.

उताराचा हिशेब आधी करू. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो धरले आणि बोरघाटातली खंडाळा ते खोपोली ही उतरण सुमारे ५०० मीटर धरली, तर खाली येताना साधारण ४,४०,००० जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेने दीड लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत जाईल. यातला काही भाग वारा घेतो, उरलेला दोन चकत्या आणि चार पॅड घेतात. सायकल जितकी सावकाश उतरवावी तितका वाऱ्याचा वाटा घटतो आणि पॅडांचा वाढतो. सावधपणे, सतत ब्रेक धरून उतरणाऱ्या नवख्याचे पॅड सराईताच्या पॅडांपेक्षा लवकर तापतात ते यामुळेच. याच घाटात खंडाळ्याकडून कर्जतला उतरणाऱ्या रेल्वेगाड्या वाटेत मुद्दाम थांबवून त्यांचे ब्रेक तपासले जातात, आणि बेफाम सुटलेली गाडी वळवून घ्यायला चढाच्या बाजूला वेगळे रूळ टाकलेले आहेत. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा मान चढणाऱ्याला मिळतो. तो रास्तच आहे, पण सायकलीची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते.

अस्तराचे प्रकार : मुख्य प्रकार दोन. रेझिन किंवा ऑरगॅनिक पॅडात निरनिराळे तंतू आणि भुकटी राळेसारख्या द्रव्याने बांधलेली असतात. हा पॅड थंड असतानाही चटकन पकडतो, आवाज कमी करतो आणि रोटर जपतो. मात्र फार तापला की बांधणारे द्रव्य जळू लागते, पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी येते आणि पकड ढिली पडते. सिंटर्ड किंवा मेटल पॅडात धातूची भुकटी दाब आणि उष्णता देऊन एकजीव केलेली असते. तो कठीण असतो, उष्णता सोसतो आणि ओल्या कचीत सावकाश झिजतो. सेमी-मेटॅलिक हा मधला प्रकार. त्याच्या मिश्रणाचे प्रमाण प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असल्याने त्याविषयी सरसकट विधान करता येत नाही.

पळस्प्यासारख्या ठिकाणी, रोटर परवानगी देत असेल तर, मेटल पॅड घ्यावा हा प्रस्तुत नोंदीचा निष्कर्ष आहे. ऑक्टोबर ते मे या कोरड्या काळात लांब उताराची उष्णता ही अडचण असते. पावसाळ्यात पाणी चकती थंड ठेवते, पण बेसाल्टची बारीक कच पाण्यात मिसळून पॅड आणि रोटर यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखी फिरत राहते. रेझिनचे मऊ अस्तर तिच्यापुढे टिकत नाही. चिखलाच्या एखाद्याच लांब फेरीत ते पाठीपर्यंत उतरू शकते. दोन्ही ऋतूंतली कारणे वेगळी, पण ती एकाच पॅडाकडे बोट दाखवतात.

यावर चार आक्षेप घेतले जातात. पहिला आवाजाचा : मेटल पॅड ओला झाला की कर्कश ओरडतो. हे खरे आहे, पण त्या आवाजाने पकड कमी होत नाही. कोरड्यातही आवाज येत राहिला तर तेलाचा डाग किंवा वाकडा कॅलिपर शोधावा. दुसरा आक्षेप, मेटल पॅड रोटर खातो. हेही खरे. शिमानो कंपनीचे रोटर नवे असताना १.८ मिलिमीटर जाड असतात आणि १.५ मिलिमीटरवर बदलावे लागतात. पॅडपेक्षा रोटर महाग पडतो. पण उतारावर पकड गमावण्याशी तुलना केली तर हा खर्च जड नाही. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : धातू उष्णता लवकर वाहून नेतो, त्यामुळे ती पिस्टनमधून, म्हणजे पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्यातून, ब्रेकच्या ऑइलपर्यंत पोहोचते. यावर उपाय म्हणजे ब्रेक सतत धरून न ठेवता दाबत-सोडत उतरणे, आणि जमल्यास १६० ऐवजी १८० मिलिमीटरचा रोटर लावणे. त्यासाठी योग्य ॲडॉप्टर लागतो आणि फ्रेम-फोर्कची मर्यादा पाहावी लागते. चौथा आक्षेप असा, की पळस्प्याचे बहुतेक स्वार पनवेल-कळंबोलीच्या सपाट रस्त्यावरच फिरतात; त्यांना रेझिन पुरतो. हा आक्षेप मान्य करावा लागतो. घाटात न जाणाऱ्याने रेझिन वापरावा, फक्त पावसाळ्यात दर आठवड्याला अस्तर पाहावे. पुढे मेटल आणि मागे रेझिन अशी जोडी काही जण लावतात. तिच्या गुणदोषांवर एकमत नाही.

रोटरच्या परवानगीकडे दुर्लक्ष करू नये. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या सायकलींवरच्या अनेक रोटरांवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असे इंग्रजीत कोरलेले असते. हे पोलाद मऊ असते. त्यावर मेटल पॅड लावला तर रोटर झपाट्याने झिजतो. अशा वेळी आधी रोटर बदलावा, नाहीतर रेझिनवरच राहावे.

आकार जुळवणे : पॅडचा आकार कॅलिपरच्या मॉडेलवरून ठरतो, सायकलीच्या नावावरून नाही. शिमानोच्या दोन पिस्टनच्या साध्या कॅलिपरांचे बी०१एस, बी०३एस, बी०५एस हे एकाच आकाराचे रेझिन पॅड आहेत. त्याच आकारात ई०१एस हा मेटलचा आहे. चार पिस्टनच्या कॅलिपरांचे पॅड लांबट असतात आणि यांच्या जागी बसत नाहीत. जुना पॅड दुकानात नेऊन नव्यावर ठेवून पाहणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग.

कधी बदलावे : शिमानोच्या सूचनेनुसार अस्तर ०.५ मिलिमीटर उरले की. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. म्हणजे अस्तर कार्डाहून पातळ दिसले की थांबू नये. स्रॅम कंपनी पाठ आणि अस्तर मिळून ३ मिलिमीटर ही मर्यादा सांगते. त्याही पुढे गेले तर पाठीचे लोखंड किंवा स्प्रिंगचे पाय रोटरला लागतात आणि खर्र आवाजासोबत रोटरवर चरे पडतात.

बसवणी : चाक काढावे. पिनची क्लिप आणि पिन काढून पॅड व स्प्रिंग एकत्रच बाहेर ओढावेत. पॅड झिजत गेले तसे पिस्टन बाहेर सरकलेले असतात आणि त्यांच्या उघड्या कडांवर काळी माती बसलेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने पुसल्याशिवाय पिस्टन आत ढकलू नयेत. मातीसकट ढकलले तर रबरी सील खराब होते आणि पुढे ऑइल झिरपते. ढकलायला टायर काढायची प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. स्क्रू ड्रायव्हरने पिस्टनला तडा जाऊ शकतो. जुने पॅड झिजलेले असताना कोणी ऑइल भरून लिव्हरजवळची टाकी काठोकाठ केली असेल, तर आता ते वर येईल. आधी टाकीचा स्क्रू उघडून जागा करावी. ऑइलची अदलाबदल कधीही करू नये. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांना मिनरल ऑइल लागते, तर होपला आणि स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट द्रव. चाक नसताना लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात. म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा. नव्या पॅडच्या अस्तराला बोट लावू नये, कडांनीच धरावा. चाक बसवल्यावर कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल करून लिव्हर घट्ट धरावा आणि तसाच धरून बोल्ट आळीपाळीने आवळावेत; शिमानोचे माप ६ ते ८ न्यूटन-मीटर आहे. चाक फिरवून पाहावे. रोटरच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे.

यानंतरचा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो आणि ‘नवे पॅड लागत नाहीत’ ही तक्रार तिथेच उगवते. पॅड पकडतो तो रोटरवर चढलेल्या स्वतःच्याच अस्तराच्या पातळ थरामुळे. तो थर मुद्दाम चढवावा लागतो : मध्यम वेगाने जाऊन चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक दाबायचा, चाक लॉक होऊ द्यायचे नाही, असे वीसेक वेळा; मग थोड्या जास्त वेगावरून दहाएक वेळा. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा घ्यावा. रेझिनवरून मेटलवर जाताना रोटर आधी अल्कोहोलने पुसून जुना थर काढावा. हे पळस्प्याच्या सर्व्हिस रोडवर दहा-पंधरा मिनिटांत होते. पहिला ब्रेक घाटाच्या वळणावर मारणे धोक्याचे आहे.

तेलाचा डाग : चेनवर मारलेला स्प्रे रोटरवर उडाला की पॅड शोषून घेतो. घासून किंवा भाजून असा पॅड वाचतो का याविषयी कारागिरांत मतभेद आहेत.

इतिहास : डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये मोटारीसाठी घेतले. माउंटन सायकलवर हे ब्रेक १९९० च्या दशकात रुळले. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात २१ ऑक्टोबर १९७६ पासून भरलेल्या उतार शर्यतींना ‘रिपॅक’ म्हणत, कारण मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस खाली पोहोचेपर्यंत जळून जाई आणि ते दर वेळी नव्याने भरावे लागे.

केबलचे डिस्क ब्रेक : यांत सहसा एकच पॅड हलतो. अस्तर झिजेल तसा आतला स्थिर पॅड त्याच्या स्क्रूने रोटरकडे सरकवावा लागतो. नुसती केबल ताणत गेल्यास रोटर एका बाजूला वाकून घासतो.