स्टेशन रोड आणि त्याचे कष्टकरी



परभणीचा स्टेशन रोड आपल्याला कोणी नव्याने दाखवावा असा नाही. आपण रोज त्या रस्त्याने जाता. मोबाईलची दुकाने, औषधांची दुकाने, शिकवणीवर्गांच्या मोठमोठ्या पाट्या आणि ऑटोरिक्षांची गर्दी यांतून वाट काढीत शाळा-कॉलेजला पोहोचता. पण हा रस्ता येथे का आला, त्यावर पहिली वर्दळ कशाची होती आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्त्यांत राहणाऱ्या माणसांचे पोट कशावर चालत होते, असे विचारले तर उत्तर देणारी घरे आता थोडीच उरली आहेत. म्हणून हा लेख.

रस्त्याच्या अगोदर रेल्वे आली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत हैदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९००-०१ च्या सुमारास सुरू झाली. ही मीटर गेजची लाइन, म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. त्या काळी रेल्वेने ज्या गावाला स्टेशन दिले त्या गावाचे नशीब एका बाजूला गेले आणि ज्याला दिले नाही त्याचे दुसऱ्या बाजूला. मानवत ही कापसाची नावाजलेली पेठ, पण लाइन गावापासून दूर गेली आणि स्टेशनला ‘मानवत रोड’ असे नाव मिळाले. परभणी, सेलू, पूर्णा येथे मात्र गाडी गावाच्या दारात थांबली.

गाडीच्या मागोमाग कापूस आला. आमचा जिल्हा काळ्या जमिनीचा. शेतातून आलेला कापूस जसाच्या तसा दूर पाठविणे परवडत नाही. शंभर किलो कापसात रुई निघते सुमारे तेहतीस-चौतीस किलो, बाकीची बहुतेक सरकी. तेव्हा सरकी येथेच वेगळी करायची, रुई दाबून गाठी बांधायच्या आणि गाठीच तेवढ्या मुंबईला रवाना करायच्या, हा साधा हिशेब. या हिशेबापोटी मराठवाड्यातल्या स्टेशनांच्या आसपास जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. स्टेशन आणि मोंढा यांच्यामधला रस्ता असा कापसाच्या गाड्यांनी तुडवून तयार झाला.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी किती जणांनी जिनिंग आतून पाहिली आहे? एका लांबलचक शेडमध्ये यंत्रांची रांग असे. प्रत्येक यंत्रात चामड्याचा रूळ फिरे, त्याला पोलादी पाते लागलेले असे. रूळ तंतू ओढून घेई, पाते सरकीला अडवून धरी आणि सरकी खाली गळून पडे. यंत्राच्या तोंडाशी बाई उभी. कापूस ओंजळीने, अंदाजाने, सारखा घालीत राहायचा. जास्त पडला तर यंत्र तुंबे, कमी पडला तर मुकादम ओरडे. हवेत रुईचा बारीक धुरळा असा की संध्याकाळी भोंगा होऊन बाया बाहेर पडत तेव्हा सगळ्याच म्हाताऱ्या दिसत. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. आम्हां मुलांना त्याची गंमत वाटे. त्यांच्या खोकल्याची आठवण मात्र मोठेपणी येते.

या बायांत कोणी एका जातीच्या किंवा धर्माच्या नव्हत्या. गरिबी ही एकच पात्रता. प्रेसकडे आणि गाठी उचलायला पुरुष. मोंढ्यात हमाल, तोलार, गाडीवान. रस्त्यावर टांगेवाले, बागवानांच्या फळांच्या पाट्या, आणि हिवाळ्याच्या तोंडाला खांद्यावर धनुकली घेऊन गल्लोगल्ली फिरणारे पिंजारी. त्या तातीचा आवाज कानी आला म्हणजे घरातल्या जुन्या गाद्या अंगणात निघत. पुढे विजेवर चालणारी पिंजणयंत्रे आली आणि हा आवाज गेला.

मोंढ्यातल्या मोजणीची एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी ‘एक’ म्हणत नसे. मराठी तोलार ‘लाभ’ म्हणून सुरुवात करी आणि मग दोन, तीन. मुसलमान तोलार ‘बरकत’ म्हणे आणि मग दो, तीन. ढीग तोच, माप तेच, आणि शेतकऱ्याला दोन्ही मोजण्या कळत. आमच्या भागातल्या सहजीवनावर पुष्कळ भाषणे ऐकली, पण मला या दोन शब्दांइतका पुरावा दुसरा कोणी दिलेला नाही.

माप म्हणजे तरी काय होते? निजामी अमदानीत पल्ल्याचा हिशेब, १२० शेरांचा एक पल्ला. पैसा हाली सिक्क्याचा. इंग्रजी मुलखातल्या रुपयाला आमचे लोक ‘कलदार’ म्हणत आणि १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली द्यावे लागत. कापूस येथे हालीत विकत घ्यायचा आणि मुंबईला कलदारात विकायचा, या बदलाबदलीत व्यापाऱ्याचे आकडे पक्के असत. हमालाला मात्र हातात पडेल ते नाणे खरे. हैदराबादच्या नोटेवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडी अक्षरेही असत, हे मुलांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. शेतकऱ्याची लूट थांबावी म्हणून १३३९ फसलीत, म्हणजे १९३० साली, हैदराबाद संस्थानात बाजार समितीचा कायदाही झाला होता.

आता हंगामाविषयी. दसरा-दिवाळीला कापूस सुरू होई आणि होळीच्या पुढे-मागे भोंगा थांबे. वर्षातले पाच-सहा महिने मजुरी, उरलेले महिने मिळेल ते काम. शेतात निंदणी-खुरपणी, विटांची भट्टी, बांधकाम. वस्तीचे सगळे पंचांग या हंगामावर चाले. लग्ने, उधारी, घराची शाकारणी, सर्व काही. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस फेब्रुवारीच्या आरंभी इंग्रजी तारखेप्रमाणे भरतो, हे आपण जाणताच. ही तारीख ऐन हंगामात पडे. मजुराच्या हातात त्याच वेळी चार पैसे असत आणि बांगड्या, भांडी, मुलांचे कपडे उरुसात घेतले जात. हिंदू-मुसलमान दोघेही त्या जत्रेची वाट पाहत, त्यामागे श्रद्धा होती आणि आठवड्याचा पगारही होता.

हंगामाची दुसरी बाजू पालकांनी ध्यानात घ्यावी. आई पहाटे कामावर गेली की धाकट्या भावंडांना सांभाळायला थोरली मुलगी घरी राही. भोंगा सुरू झाला की वर्गातल्या मुलींची हजेरी घटे. होळीनंतर त्या परत येत तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असे आणि काही जणी परतच येत नसत. मुलींच्या शिक्षणाला आपल्या समाजाचा विरोध होता असे सरसकट म्हटले जाते. असेल, काही घरांत होताही. पण आमच्या वस्तीत मी जे पाहिले त्यात भोंग्याचा वाटा मोठा होता.

गाठींचा प्रवासही सोपा नव्हता. येथून मीटर गेजच्या वाघिणीत भरलेली गाठ मनमाडला उतरवावी लागे, कारण मनमाडपासून मुंबईकडे रुंद रूळ. तेथे पुन्हा हमाल, पुन्हा पाठीवर गाठ. ही अडचण १९९० च्या दशकात आमची लाइन रुंद झाल्यावर संपली.

सप्टेंबर १९४८ हेही या रस्त्याने पाहिले. पोलीस ॲक्शनच्या त्या दिवसांवर आणि त्या अगोदरच्या रझाकारांच्या दिवसांवर जाता जाता दोन ओळी लिहिणे मला योग्य वाटत नाही. ज्यांच्या घरात ती आठवण आहे त्यांना ती ठाऊक आहे. येथे एवढेच नोंदवितो की त्यानंतर कचेरीची भाषा बदलली. उर्दूत अर्ज लिहून देणाऱ्या मुन्शींचे काम हळूहळू गेले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. हाली सिक्का गेला, एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, शेर-पल्ला जाऊन किलो-क्विंटल आले. एकाच तोलाराने आपल्या आयुष्यात तीन हिशेब शिकले, तेही बहुधा शाळेत न जाता.

१९७२ हे साल आमच्या शहराला दोन कारणांनी महत्त्वाचे. मे महिन्यात येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच हंगामापासून राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. विद्यापीठाने बाहेरगावची मुले, प्राध्यापक, पगारदार माणूस आणला. भाड्याच्या खोल्या, खानावळी, पुस्तकांची दुकाने आली. एकाधिकाराने खासगी व्यापारी बाजूला सारला आणि शेतकऱ्याच्या गाड्या खरेदी केंद्रापुढे दिवसेंदिवस उभ्या राहू लागल्या. त्या रांगांनी रस्त्यावर एक नवी वस्तीच तयार केली. चहाच्या टपऱ्या, कडब्याचे विक्रेते, गाडीखाली झोपलेली माणसे. शेतकऱ्याला भाव बांधून मिळाला, पैसे मात्र उशिरा मिळत. हमालाला काम सरळ मिळे, ही गोष्ट त्या काळचे हमाल आवर्जून सांगतात.

शेवट कसा झाला ते थोडक्यात. २००० साली केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान आले, त्यातून जिनिंग कारखान्यांचे आधुनिकीकरण झाले. कापूस नळीने शोषून थेट यंत्रावर पडू लागला. यंत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईची गरज संपली. धुरळा कमी झाला हे चांगलेच झाले. त्याच सुमारास एकाधिकार योजनाही मोडली. स्टेशनजवळच्या जागांना भाव आला आणि कारखान्यांपेक्षा दुकानांना त्या परवडू लागल्या. २०११ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हा शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या वर गेली होती.

मुंबईच्या गिरणी कामगारांवर पुस्तके आहेत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपाचा इतिहास आपण वाचू शकता. त्या गिरण्यांना रुई साफ करून देणाऱ्या आमच्या बायांचा कागद मात्र कोठे सापडत नाही. याचे एक कारण कायद्यातच आहे. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यातून हंगामी कारखाने वगळले गेले आणि त्यांच्या यादीत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग नावानिशी होते. त्यामुळे या बायांना विम्याचे कार्ड नव्हते, नोंदही नव्हती. दुसरे कारण आपल्या घरात आहे. आजोबा हमाल होते, आजी जिनिंगवर जात होती, हे सोयरिकीच्या वेळी किंवा शाळेच्या फॉर्मवर सांगायला आपण कचरतो. ‘व्यापार’ असे लिहून मोकळे होतो. ज्या मजुरीतून आपली पहिली फी भरली गेली तिचे नाव घ्यायला संकोच का वाटावा, हे मला अजून उमगलेले नाही.

मुलांनो, आजीला विचारा की एका पाळीला काय मिळे, मुकादम कोण होता, जेवणाच्या सुटीत कोणाजवळ बसत असत. घरातली पत्र्याची पेटी उघडा. तीत उर्दूतली किंवा मोडीतली एखादी पावती, घराचा कागद, सावकाराची चिठ्ठी मिळेल. वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका; उर्दू वाचणारी माणसे आपल्या मोहल्ल्यात अजून आहेत. तारीख फसली असेल तर ती आपली आपण काढता येते. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात ‘आजूर’ महिन्याने सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कागदाला फसली सालात ५९० मिळवावेत, जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे कागदावर ‘दै १३४५’ असेल तर तो १९३५ चा, नोव्हेंबरच्या सुमाराचा. दिवाळी नुकतीच झालेली, कापूस सुरू झालेला आणि स्टेशन रोडवर गाड्या लागलेल्या.