मेणबत्तीचा तुकडा आणि सरकती खिडकी

माझ्या अभ्यासिकेला एक जुनी लांकडी सरकती खिडकी आहे. गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडाशीं ती अशी अडून बसली कीं, दोन्ही हातांनीं जोर लावला तरी वीतभरहि सरकेना. मी पुस्तकी मनुष्य. घर्षण कमी करावयाचें तर तेल घालावें, एवढें शाळेंत शिकलों होतों. तेव्हां स्वयंपाकघरांतून खोबरेल आणून खांचेंत ओतलें. दोन दिवस खिडकी बरी चालली. मग वळवाच्या वाऱ्यानें आलेली धूळ त्या तेलांत कालवली जाऊन तिची अशी कांहीं चिकट खळ झाली कीं, पूर्वींची अडचण बरी म्हणावयाची वेळ आली. शेवटीं ओळखीच्या वृद्ध मिस्त्रींना बोलावलें. त्यांनीं फडक्यानें आणि दातांच्या जुन्या ब्रशानें खांच स्वच्छ केली, खिशांतून मेणबत्तीचा बोटभर तुकडा काढला, तो खांचेंत व चौकटीच्या कडेवर खडूसारखा घासला, आणि एका हातानें खिडकी सरकवून दाखविली. "सर, तेल धुळीला हांक मारतें. मेण मारीत नाहीं," एवढेंच ते बोलले.

हें तुम्हांला कोणीं शिकविलें, असें विचारतां "वडिलांनीं" असें उत्तर आलें. वडिलांना कोणीं, हा प्रश्न मिस्त्रींना निरर्थक वाटला. मी इतिहासाचा शिक्षक असल्यामुळें मला तो वाटला नाहीं.

सरकत्या खिडकीचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार राजवाड्यांपासून आरंभ करतात. वर-खालीं सरकणारी तावदानाची खिडकी इंग्लंडांत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ होऊं लागली. १६८९ नंतर क्रिस्टोफर रेननें हॅम्पटन कोर्टच्या राजवाड्याचा जो नवा भाग बांधला, त्यांत या खिडक्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. चौकटीच्या पोकळींत दडविलेलीं वजनें दोरीनें व कप्पीनें तावदानाला तोलून धरीत. १६६६ च्या आगीनें पोळलेल्या लंडनला लांकडी चौकटींची धास्ती होती. म्हणून १७०९ च्या कायद्यानें चौकट भिंतीच्या दर्शनी पृष्ठापासून चार इंच आंत घेण्यास लावलें, आणि १७७४ मध्यें ती विटांच्या आड दडविण्यास लावलें. हें सर्व कागदोपत्रीं आहे. पण लांकूड फुगलें, रंगावर रंगाचे थर चढले, म्हणजे मेणबत्तीचें बूड घेऊन खांचेंत घासणारा जो हात, त्याची नोंद कोणत्या कायद्यांत असणार? त्याची चाल मात्र टिकली आहे. जुन्या इमारतींची निगा राखणारे तिकडील कारागीर आजहि खांचेला मेण घासतात.

जपानांत तर भिंतींच्या जागींहि सरकते पडदेच असत. कागदी 'शोजी' खालच्या उंबऱ्याच्या व वरच्या पट्टीच्या खांचांतून धांवतात. वरची खांच खोल, खालची उथळ. म्हणून शोजी वर उचलून खालून सहज बाहेर काढतां येतो. आपल्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचीं तावदानें धुण्यासाठीं काढतात, तीं याच युक्तीनें. त्या उंबऱ्यालाहि मेणच घासण्याची तेथें घरोघर रीत आहे.

आतां विद्वानांकडे वळूं. १६९९ मध्यें गियोम आमोंतों यानें पॅरिसच्या अकादमीपुढें घर्षणाचे नियम मांडले: घर्षण भाराच्या प्रमाणांत असतें, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर तें अवलंबून नसतें. हे नियम मींहि लहानपणीं घोकले. परंतु आमोंतोंनें तपासलेलीं तांबें, लोखंड, शिसें आणि लांकूड हीं सारीं डुकराच्या चरबीनें माखलेलीं होतीं, हें मला पन्नाशी उलटल्यावर कळलें! कारागिराचें वंगण आधीं आलें, नियम मागाहून. आणि पाठ्यपुस्तकांनीं नियम तेवढे ठेवून चरबी पुसून टाकली. पुढें कूलोंब या लष्करी इंजिनियरनें रोशफोरच्या आरमारी गोदींत ओकच्या फळ्या कोरड्या व चरबी लावून एकमेकींवर घासून पाहिल्या, आणि १७८१ मध्यें अकादमीचें पारितोषिक मिळविलें. लांकडावर लांकूड स्वस्थ पडून राहिलें, तर कांहीं मर्यादेपर्यंत त्याला प्रथम हलविण्यास लागणारा जोर वाढत जातो, असें त्याला आढळलें. बंद खोलीची खिडकी पहिल्या धक्क्याला कां हटून बसते, हें गृहिणींना त्याच्या पूर्वींच ठाऊक असावें.

खरें उत्तर मिळावयास विसावें शतक उजाडावें लागलें. विल्यम हार्डी हा मुळांत जीवशास्त्रज्ञ. त्यानें व इडा डबलडे या त्याच्या सहकारिणीनें १९२२ च्या सुमारास दाखविलें कीं, स्निग्धाम्लांसारख्या पदार्थांचे लांबट रेणू एका टोकानें पृष्ठाला चिकटून गवतासारखे उभे राहतात, आणि दुसरें पृष्ठ त्यांच्या शेंड्यांवरून घसरतें. सुका साबण याच तऱ्हेनें काम करतो. मात्र तो ओल धरतो, म्हणून कोंकणासारख्या दमट मुलखांत मेणच बरें. आजची मेणबत्ती बहुधा पॅराफिनची असते. तिचे रेणू तसे चिकटत नाहींत, पण तिचा मऊ थर सहज कातरला जातो, तेवढ्यानें काम भागतें.

शिसपेन्सिलीची गंमत निराळीच. तिच्यांत शिसें नसून ग्रॅफाइट असतें, आणि त्याचे पापुद्रे एकमेकांवरून घसरतात म्हणून तें गुळगुळीत, असें सर्व समजत. दुसऱ्या महायुद्धांत विमानें फार उंच जाऊं लागलीं, तेव्हां त्यांच्या विद्युत्-यंत्रांतील कार्बनचे ब्रश भराभर झिजूं लागले. शोध घेतां असें निघालें कीं, ग्रॅफाइटलाहि गुळगुळीत राहण्यास हवेंतील बाष्प लागतें, आणि त्या उंचीवर तें जवळजवळ नसतें. आमच्या पावसाळ्यांत त्याला कमतरता पडावयाची नाहीं. आतां खिडकीच्या धातूच्या कडीला मी पेन्सिलच घासतों.

खिडकीचा उजवा कोपरा मात्र यंदाहि आषाढापासून अडतो आहे. मेण लावून पाहिलें, उपयोग झाला नाहीं. तेथें घर्षणाचा दोष नाहीं. लांकूड ओल पिऊन आडव्या अंगानें फुगलें आहे. रंधा मारून टाका, असें मीं सुचविलें. मिस्त्रींनीं मान हलविली. आतां तासलें तर उन्हाळ्यांत फट पडेल, दिवाळीपर्यंत थांबा, असें ते म्हणतात.