दरवाजा सापडेपर्यंत

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली की सिंधुदुर्गाचा तट समोर पसरलेला दिसतो, दरवाजा मात्र दिसत नाही. तट वळत, मुरडत जातो, एका बुरुजाआडून दुसरा बुरुज पुढे येतो, आणि होडी खडपांतून वाट काढत अगदी जवळ आल्यावर दोन बुरुजांच्या कुशीत दिल्ली दरवाजा सापडतो. 25 नोव्हेंबर 1664 रोजी मुहूर्त झालेल्या आणि तीनेक वर्षांत कुरटे बेटावर उभ्या राहिलेल्या या किल्ल्याचे क्षेत्र सुमारे 48 एकर आहे. बुरुज 42, तटाची उंची तीस फुटांच्या घरात, जाडी बारा फुटांची. हे आकडे पाठ करता येतात. पण बांधणाऱ्यांची खरी अक्कल पाहायची तर ती त्या लपवलेल्या वळणात आहे. आता हाच दरवाजा कागदावरच्या आराखड्यात पाहा: तटाच्या जाड काळ्या रेषेत पडलेला एक खंड. विद्यार्थ्याची नजर पहिल्या क्षणी तिथे जाते. शत्रूला जे शोधूनही सापडू नये म्हणून इतका खटाटोप केला, ते आराखडा न विचारता सांगून टाकतो. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी वास्तूत फिरवावे की नाही, हा वाद मी म्हणूनच या दरवाजापाशी आणतो. माझे म्हणणे असे की हेडसेटचे यंत्र नवे असले तरी त्यातून होणारे शिक्षण जुने आहे. वास्तू तिच्या आत उभे राहून शिकायची, हीच या किनाऱ्याची मूळ रीत होती. कागद मध्ये आला तो फार उशिरा.

ती रीत कशी होती, हे जांभ्याच्या कोणत्याही जुन्या घराच्या कामावरून कळते. गवंडी खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो, फक्की टाकतो, आणि घर जमिनीवर पूर्ण मापात उमटते. मालक त्या पांढऱ्या रेषांमधून चालून पाहतो: ओटी इथे, माजघर इथे, पडवी या अंगाला, तुळशीसमोर खळे एवढे. भिंत एक फूटही उठलेली नसताना माणूस घरात वावरून घेतो, आणि माजघर अरुंद वाटले तर खुंटी तिथल्या तिथे सरकते. आभासी वास्तूचा याहून सोपा आणि स्वस्त नमुना मला माहीत नाही. शिकाऊ पोरगा हे सगळे ओळंबा धरता धरता शिकत असे. खाणीतून आलेला ताजा चिरा मऊ असतो आणि उघड्यावर राहिला की कठीण होतो, हे त्याला हातानेच कळे. सिंधुदुर्गाच्या बांधणीत हिरोजी इंदुलकरांचे नाव परंपरेने सांगितले जाते आणि पायात शिसे ओतल्याचेही सांगितले जाते. पण भरती-ओहोटीच्या खडकावर पाया घालायचा तर काम पाण्याच्या वेळेवर चालणार, एवढे समजायला परंपरेचीही गरज नाही. तिथला पाथरवट समुद्राचे वेळापत्रक अंगावर घेऊनच शिकला असणार. आणि ज्यांनी कागदावर रेषा काढल्या, त्यांनीही जागा पुरती सोडली नव्हती. पेशवेकालीन नकाशांत घरे, झाडे आणि डोंगर पुष्कळदा बाजूने दिसतात तसे आडवे काढलेले असतात, जणू काढणारा वाटेवरच उभा आहे.

ही रीत बदलली ती इंग्रजांबरोबर. 1765 मध्ये त्यांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिले. पुढे तो मराठ्यांकडे परत गेला आणि 1812 च्या तहाने मालवण इंग्रजांकडे कायमचे आले. त्या राजवटीबरोबर मोजणीचा, वरून पाहिल्यासारखा नकाशा कारभाराची भाषा झाला. मुंबईत 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत 1913 पासून रॉबर्ट केबल यांच्या हाताखाली वास्तुकलेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आला, आणि 1923 ते 1943 या काळात क्लॉड बॅटली यांनी तिथे मापे घेऊन रेखाटन करण्याची शिस्त रुजवली. या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. टेप घेऊन दगडाला भिडल्याशिवाय ते चित्र होत नाही. कमानीचा बाक मोजायला शिडीवर चढावेच लागते. तरी शेवटी गुण पडत ते कागदाला. मोजताना मान वर करून जे दिसले, अंधाऱ्या देवडीतून उन्हात येताना डोळे जसे मिटले, त्याला कागदावर जागा नव्हती. पिढ्यानुपिढ्या अशा रीतीने शिकल्यावर आराखडा म्हणजेच इमारत, असे मनात बसते.

ही समजूत मोडण्याचे साधन म्हणजे हेडसेट. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचे पहिले दर्शक यंत्र 1968 च्या सुमारास दाखवले. 1992 मध्ये शिकागोतल्या एका विद्यापीठात आत शिरून उभे राहता येईल अशी चित्रभिंतींची खोलीच तयार झाली. तेव्हापासून यंत्रे हलकी आणि स्वस्त होत आली. शिक्षकाच्या दृष्टीने त्यांची मोठी देणगी मला ही वाटते, की विद्यार्थ्याला त्याचे अज्ञान परत देता येते. त्याला होडीच्या उंचीवर बसवा, किल्ला समोर ठेवा, दरवाजा शोधायला सांगा आणि किती वेळ लागतो ते पाहा. मग एक बुरुज हलवा आणि पुन्हा शोधायला सांगा. बुरुजाची जागा का ठरली, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. खऱ्या किल्ल्यावर बुरुज हलवता येत नाही आणि आराखड्यात तो हलवून काही जाणवत नाही. विजयदुर्गाजवळ पाण्याखाली असलेल्या भिंतीचेही तसेच. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिचा अभ्यास केला आहे, पण पाणबुडे सोडल्यास तिच्यापाशी कोण उभे राहणार?

यावर सहज सुचणारा आक्षेप असा, की किल्ला होडीने पाव तासावर असताना यंत्र कशाला? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे अर्धे उत्तर पावसाळ्यात आहे. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत प्रवासी होड्या बंद असतात. म्हणजे तट ज्या लाटांसाठी बांधला त्या लाटा त्याच्यावर आदळतात, तेव्हाच तिथे जाता येत नाही. उरलेल्या अर्ध्या भागात मात्र आक्षेपकाचेच खरे आहे. हेडसेटमधला चिरा वजनाला काहीच नसतो, ओला जांभा निसरडा लागत नाही, खारा वारा ओठांवर बसत नाही. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचे पाणी भर समुद्रात गोडे आहे, आणि हे आश्चर्य चाखूनच कळते. म्हणून आभासी किल्ला खऱ्याच्या जागी आणणाऱ्या कोणत्याही योजनेला माझा विरोध आहे. पाच वर्षांच्या पदवीत मालवणच्या सहलीचे पैसे वाचवायला हे यंत्र वापरले गेले, तर ते नसलेले बरे.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. आभासी नमुना पडलेल्या वाड्यालाही छप्पर घालून दाखवतो, आणि पाहणाऱ्याला मोजलेले कोणते आणि कल्पिलेले कोणते हे कळत नाही. कागदही खोटे बोलू शकतो, पण तुटक रेषा काढून शंका दाखवण्याची सोय कागदाने केव्हाच करून ठेवली. आभासी वास्तूला आपली तुटक रेषा अजून ठरवायची आहे. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात झाली आणि सिंधुदुर्ग व विजयदुर्ग त्यांत आहेत. आता त्यांचे देखणे त्रिमितीय नमुने भराभर तयार होतील आणि पर्यटकासाठी केलेले नमुनेच वर्गात येतील, ही भीती मला खरी वाटते. ती टाळायची तर नमुना विद्यार्थ्यांनीच करावा. बॅटलींची टेप हातात हवीच. आधी हेडसेटमध्ये दरवाजा शोधावा, मग सप्टेंबरात होड्या सुरू झाल्या की किल्ल्यावर जाऊन मोजावे, गवंड्याला सोबत घेऊन दगडाला हात लावावा, आणि परतल्यावर नमुन्यात जे चुकले ते दुरुस्त करावे. अंदाजाने उभारलेल्या भिंती वेगळ्या रंगात ठेवाव्यात. पुढच्या वर्षीच्या तुकडीने मागच्या तुकडीच्या त्या रंगीत भिंतींपासून कामाला लागावे.