सुरक्षा रक्षकाचा परवाना : कोणाला लागतो, कोणाला नाही?

परभणी : दहावी-बारावीनंतर शिक्षण थांबलेला, शेतीत भागत नाही म्हणून पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरणारा तरुण ज्या नोकऱ्यांचा पहिल्यांदा विचार करतो, त्यात सुरक्षा रक्षकाची नोकरी हमखास असते. भांडवल लागत नाही, पदवी लागत नाही आणि जागा बाराही महिने निघत असतात. मात्र या नोकरीसाठी 'परवाना' काढावा लागतो, असा समज सर्वत्र आहे. पैसे भरल्यास तो मिळवून देतो, असे सांगणारा मध्यस्थ भेटला की या समजापोटी गरिबाघरचे चार पैसे हकनाक जातात. म्हणूनच या क्षेत्रातील कायदा नेमके काय सांगतो, हे उमेदवाराने आणि त्याच्या पालकांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

परवाना एजन्सीचा, रक्षकाचा नव्हे

संसदेने संमत केलेला 'खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५' हा १५ मार्च २००६ पासून अमलात आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'पसारा' या नावाने ओळखला जातो. या कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो तो दुसऱ्यांना सुरक्षा रक्षक पुरविण्याचा व्यवसाय करणाऱ्या एजन्सीला. रक्षकाला स्वतंत्र परवाना काढण्याची तरतूद त्यात नाही. रक्षकाने पात्रतेच्या अटी पूर्ण करावयाच्या असतात आणि त्या पूर्ण झाल्याची खात्री करून त्याला छायाचित्रासह ओळखपत्र देण्याचे काम एजन्सीचे असते. गृहनिर्माण संस्थेने किंवा एखाद्या जिनिंग कारखान्याने स्वतःच्या हजेरीपटावर थेट रखवालदार नेमला, तर ती संस्था वा तो कारखाना सुरक्षा एजन्सी ठरत नाही.

रक्षकाची पात्रता

कायद्याच्या दहाव्या कलमानुसार रक्षक भारताचा नागरिक असावा. केंद्र सरकारने निर्दिष्ट केलेल्या अन्य देशाच्या नागरिकालाही ही मुभा आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि ६५ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. न्यायालयाने दोषी ठरविलेली, तसेच गैरवर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या कारणावरून सैन्यदल, पोलिस अथवा शासकीय सेवेतून बडतर्फ झालेली व्यक्ती या कामासाठी अपात्र ठरते.

शारीरिक पात्रतेचे मापदंड केंद्राच्या आदर्श नियमांत दिलेले आहेत. त्यानुसार पुरुषांची उंची किमान १६० सेंटिमीटर व महिलांची १५० सेंटिमीटर असावी. पुरुषांची छाती ८० सेंटिमीटर असून ती ४ सेंटिमीटर फुगली पाहिजे. महिलांना छातीच्या मापाची अट नाही. चष्म्यासह वा चष्म्याविना दृष्टी निर्दोष असावी, रंगांधळेपणा नसावा आणि एक किलोमीटर अंतर सहा मिनिटांत धावता यावे. इंग्रजी अक्षरे व अंक वाचता येणे आवश्यक मानले आहे, कारण उपकरणांवरील सूचना त्याच लिपीत असतात. नोकरीला लागल्यानंतरही दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते.

वीस दिवसांचे प्रशिक्षण

प्रशिक्षण हा या प्रक्रियेचा कणा होय. नव्या उमेदवारासाठी वर्गातील १०० तास आणि प्रत्यक्ष क्षेत्रावरील ६० तास असे एकूण १६० तासांचे प्रशिक्षण, किमान २० कामकाजाच्या दिवसांत विभागून, आदर्श नियमांत सांगितले आहे. माजी सैनिक व माजी पोलिसांसाठी ते वर्गात ४० तास, क्षेत्रावर १६ तास आणि किमान ७ कामकाजाचे दिवस इतके कमी आहे. वर्तणूक, शारीरिक क्षमता, इमारतीची सुरक्षा, आग विझविणे, गर्दीचे नियंत्रण, ओळखपत्रे व कागदपत्रांची तपासणी, प्रथमोपचार आणि आपत्तीच्या वेळची कृती हे विषय त्यात येतात. आपल्या रक्षकांना हे प्रशिक्षण मिळेल, याची जबाबदारी कायद्याने एजन्सीवर टाकली आहे. त्यामुळे दोन दिवसांत प्रमाणपत्र हाती ठेवणारे 'केंद्र' दिसल्यास ते नियमाला धरून नाही, एवढे निश्चित समजावे.

चारित्र्य पडताळणी

चारित्र्य व पूर्वेतिहासाची पडताळणी झाल्याखेरीज एजन्सीने रक्षकाला कामावर ठेवू नये, असा दंडक आहे. महाराष्ट्रात चारित्र्य पडताळणीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. पडताळणी तीन वर्षांपर्यंत ग्राह्य मानली जाते. येथे परभणीच्या उमेदवारांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. गेल्या पाच वर्षांत उमेदवार एकाहून अधिक जिल्ह्यांत राहिला असल्यास त्या प्रत्येक जिल्ह्यासाठी स्वतंत्र अर्जपत्र भरावे लागते. ऊसतोडीसाठी किंवा बांधकामावर मजुरीसाठी दरवर्षी जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची गाडी नेमकी याच टप्प्यावर अडते. राहिलेल्या ठिकाणांचे पत्ते व कालावधी आधीच लिहून ठेवल्यास पुढचा खोळंबा टळतो.

ओळखपत्र आणि गणवेश

ओळखपत्रावर रक्षकाचे रंगीत छायाचित्र, पूर्ण नाव, एजन्सीचे नाव, ओळख क्रमांक, पद आणि वैधतेची तारीख असणे आवश्यक आहे. नोकरी सोडताना ते एजन्सीला परत करावयाचे असते व हरवल्यास तत्काळ कळवावयाचे असते. सैन्यदल किंवा पोलिसांच्या गणवेशाशी साम्य असलेला गणवेश वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा कायद्यात सांगितल्या आहेत. ही शिक्षा गणवेश घालणाऱ्या रक्षकाला जशी होऊ शकते, तशीच ती एजन्सीच्या मालकालाही होऊ शकते.

बंदूकधारी रक्षकाची गोष्ट वेगळी. शस्त्राचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ खाली घ्यावा लागतो. एजन्सीचा परवाना म्हणजे शस्त्राचा परवाना नव्हे. रोकड वाहतुकीसाठी २०१८ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. त्यानुसार रोकड वाहनासोबत दोन सशस्त्र रक्षक लागतात आणि शहरी भागात रात्री ९ नंतर, तर ग्रामीण भागात सायंकाळी ६ नंतर एटीएममध्ये रोकड भरता येत नाही.

रक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात, हेही विसरून चालणार नाही. आपल्यासमोर अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडण्याचा जो अधिकार सर्वसामान्य नागरिकाला आहे, तेवढाच त्याला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमानुसार अशा व्यक्तीला विनाविलंब, सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते.

महाराष्ट्राचा जुना कायदा

केंद्राच्या कायद्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राने या कामगारांसाठी पाऊल उचलले होते. माथाडी कामगारांसाठीच्या १९६९ च्या कायद्याच्या धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यासाठी राज्याने कायदा केला. त्याखालील सुरक्षा रक्षक मंडळांत रक्षक आणि त्यांना काम देणारे मालक अशा दोघांचीही नोंदणी होते व वेतन मंडळामार्फत दिले जाते. आस्थापनेचे थेट आणि नियमित कर्मचारी असलेले रक्षक या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. याशिवाय २०१० च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ आणि माजी सैनिकांसाठीचे 'मेस्को' याही संस्था सुरक्षा रक्षक पुरवितात. थोडक्यात, केंद्राचा कायदा गृह खात्याच्या अखत्यारीत आणि राज्याचा कायदा कामगार खात्याच्या अखत्यारीत येतो. परवान्याबद्दलचा प्रश्न घेऊन कामगार कार्यालयात आणि पगाराची तक्रार घेऊन पोलिस ठाण्यात गेल्यास हेलपाटेच पडतात.

एजन्सी सुरू करावयाची असल्यास

अर्जदार भारतीय नागरिक हवा. कंपनी असल्यास ती भारतात नोंदलेली हवी. एका जिल्ह्यापुरत्या परवान्याचे शुल्क कायद्यात ५ हजार रुपये, दोन ते पाच जिल्ह्यांसाठी १० हजार आणि संपूर्ण राज्यासाठी २५ हजार रुपये ठरविलेले आहे. अर्जावर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित असून परवाना पाच वर्षांसाठी असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी करावा लागतो. परवाना मिळाल्यापासून सहा महिन्यांत काम सुरू करणे बंधनकारक आहे. विनापरवाना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, २५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जिल्ह्यातील निवृत्त जवानांना यात संधी आहे, कारण पर्यवेक्षकाच्या नेमणुकीत सैन्यदल, पोलिस किंवा होमगार्डमधील किमान तीन वर्षांच्या अनुभवाला प्राधान्य देण्यात आले आहे. अशा उमेदवारांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे चौकशी करता येईल.

रुजू होण्यापूर्वी

एजन्सीने परवाना कार्यालयात ठळक जागी लावलेला असला पाहिजे. तो पाहावा, त्यावरील जिल्हा व मुदत वाचावी. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या संकेतस्थळावरही परवानाप्राप्त एजन्सींची खातरजमा करता येते. नेमणूकपत्र लेखी मागावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते कामगाराचा हक्क ठरविला आहे. पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर तो आपल्या खात्यात जमा होतो की नाही, हे सार्वत्रिक खाते क्रमांकाच्या आधारे मोबाइलवर पाहता येते. राज्य विम्यासाठी कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के, तर मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम जमा व्हावयाची असते. आठ तासांच्या वेतनात बारा तास उभे राहण्याची प्रथा या क्षेत्रात रूढ असली, तरी जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने देणे कायद्याने बंधनकारक आहे. हजेरीच्या तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी; वादाच्या प्रसंगी तीच वही उपयोगी पडते.

जिंतूर असो वा गंगाखेड, पूर्णा असो वा पालम, गावातून निघताना उमेदवाराजवळ वयाचा पुरावा, ओळखीचा पुरावा, चारित्र्य पडताळणीचा कागद आणि वैद्यकीय प्रमाणपत्र असावे. 'रक्षकाचा परवाना' म्हणून कोणी पैसे मागितले, तर 'तो कोणत्या कलमाखाली मिळतो?' एवढा एकच प्रश्न त्याला विचारावा. त्याचे उत्तर कायद्यात नाही.