संत दे ला साल आणि मातृभाषेचें वाचन

सतराव्या शतकांत फ्रान्समध्यें मुलास वाचन शिकवावयाचें तें प्रथम लॅटिन पुस्तकावरून, असा प्रघात होता. गरिबाचें मूल शाळेंत फार दिवस टिकत नसे. कामाला उपयोगी पडूं लागतांच तें मजुरीस जाई. जी भाषा घरीं कधीं कानीं पडली नाहीं, तिचें अर्धवट वाचन तें थोड्याच काळांत विसरून जाई.

रीम्स शहरीं १६५१ सालीं जन्मलेले संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांनीं ही हानि ओळखली. कॅथीड्रलमधील मानाचें पद त्यांनीं १६८३ सालीं सोडलें, पुढें दुष्काळांत आपली संपत्ति गोरगरिबांस वांटली, आणि शिक्षकबंधूंसमवेत तेही गरीब होऊन राहिले. त्यांच्या विनामूल्य शाळांत प्रथम फ्रेंच वाचन शिकवीत, लॅटिन मागाहून. शार्त्रचे बिशप गोदे दे मारे यांस ही रीत पसंत पडली नाहीं. दे ला साल यांनीं त्यांस सविनय उत्तर दिलें कीं, ओळखीची भाषा मुलास लवकर वाचतां येते. ती आली कीं लॅटिन वाचणेंही सोपें जातें. आणि शाळा लवकर सुटली तरी तो धर्मशिक्षणाचें पुस्तक स्वतः वाचूं शकतो.

त्यांच्या शाळांची नियमावली त्यांच्या मृत्यूनंतर १७२० सालीं छापली गेली. १९५० सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांस शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें. बंधुभगिनींनो, मुलांस शाळेंत घालतांना त्यांच्या घरच्या भाषेस दाराबाहेर ठेवूं नये, हा त्यांचा बोध आपणही ध्यानीं धरावा.