देवांच्या पंगतीतला राहू

मालिकेत सालस नायिकेसारखीच दिसणारी कुणी कपटी बाई घरात शिरली, की घराघरांतलं जेवण थंड होतं. ‘अगं, ती ती नाहीये!’ असं आपण पडद्याकडे बघून ओरडतो. या युक्तीचं मूळ शोधायला मी नेवाशाला जाईन.

समुद्रमंथनानंतर अमृताची पंगत इथे प्रवरेकाठी बसली, अशी नेवासकरांची श्रद्धा आहे. वाढायला मोहिनी, म्हणजे स्त्रीरूप घेतलेला विष्णू. तोच इथला मोहिनीराज. ज्ञानेश्वरीची सांगता करताना ज्ञानदेवांनी या दैवताचा महालया म्हणून उल्लेख केला आहे. त्या पंगतीत सूर्य आणि चंद्र यांच्या मध्ये एक दैत्य देवाचं रूप घेऊन बसला. मोहिनी वाढत वाढत पुढे सरकते आहे, त्याच्यापर्यंत पोचते, त्याची ओंजळ भरते. हे ऐकणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, देवांना नसतं. सूर्य-चंद्रांनी ओळखलं तेव्हा अमृत कंठापर्यंत पोचलं होतं. चक्राने मुंडकं उडालं, पण मेलं नाही. डोकं राहुरीला पडलं आणि धड कायगावला, असं या भागात आजही सांगतात. देवांसारखं कसं बसायचं, ओंजळ कशी धरायची, हे राहूने किती निरखून पाहिलं असेल! मला तो थोर वाटतो तो यासाठी.

भागवतातला पौंड्रक याच कुळातला. खोटे शंख-चक्र धारण करून त्याने ‘खरा वासुदेव मीच’ असा निरोप द्वारकेला धाडला. कृष्णाने त्याला मारलं. पण भागवतकार पुढे जे सांगतात ते विलक्षण आहे: कृष्णाची नक्कल करता करता त्याला अखंड कृष्णाचाच ध्यास लागला होता, म्हणून तो कृष्णरूप झाला.

रंगभूमीवर हे कूळ लखोबा लोखंडेपर्यंत येतं. अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ 1962 मध्ये आलं. त्यात प्रभाकर पणशीकर एकाच लबाडाची वेगवेगळी सोंगं फिरत्या रंगमंचावर रंगवत. लखोबा ज्या घरात जाई, त्या घराला हवा तसा सज्जन होई. त्यालाही माणसं वाचता येत होती.

अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ने 1967 मध्ये हीच वाट धरली. ‘मिरर, मिरर’ या भागात आरशापलीकडच्या जगातलं जहाज तेच, माणसंही तीच, पण राज्य क्रूर. तिथल्या स्पॉक या अधिकाऱ्याला दाढी होती, आणि पुढे ‘दुष्ट प्रतिरूप म्हणजे दाढी’ हा संकेतच रूढ झाला. मात्र दाढीखालची बुद्धी आपल्या ओळखीच्या स्पॉकचीच राहिली. म्हणूनच आपल्या जगातून तिथे जाऊन पडलेला कप्तान कर्क परतण्यापूर्वी त्याला हे साम्राज्य बदलायला सांगतो, आणि तो विचार करीन म्हणतो.