दम नेमका कुठे असतो?

'दम' हा आपल्या बोलण्यातला फार कामाचा शब्द. पोराला दम द्यायचा, घाईत असलेल्याला दम धरायला सांगायचे, गड चढताना दम लागला म्हणून पायरीवर टेकायचे आणि कुस्तीच्या फडात 'गड्यात दम आहे' म्हणून मांडी थोपटायची. श्वास, धीर आणि ताकद या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात. सोय झाली, पण घोटाळाही झाला. ज्याला लवकर दम लागतो त्याच्यात दमच नाही, म्हणजे तो कच्चा किंवा आळशी, असे आपण सहज ठरवून टाकतो. हा दम मोजायचा कसा हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. त्याआधी लोक अंदाज बांधत, आणि असा एक अंदाज आपल्या खानदेशातही बांधला गेला होता.

१८१८मध्ये इंग्रजांनी खानदेश ताब्यात घेतला. मैदान हाती आले, पण सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल हाती येईनात. नेहमीच्या पलटणी डोंगरात शिरल्या की हिवतापाने आडव्या पडत. अखेर १८२५मध्ये जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्यावर भिल्लांचीच पलटण उभी करण्याचे काम सोपवले गेले. त्याने आधी त्यांच्याबरोबर वाघांच्या शिकारी केल्या, मूठभर माणसे जोडली आणि त्यातून खानदेश भिल्ल कोअर तयार झाली. तिचे ठाणे होते आपल्या जळगाव जिल्ह्यातले धरणगाव. जिथे शिकलेले शिपाई धापा टाकत, तिथे ही माणसे सहज चढून जात. साहेबांच्या लिखाणात त्याचे कारण ठरलेले असे: जमातच काटक. आज आपणही 'त्यांच्या रक्तातच आहे' असे म्हणतो. रक्तात काय आहे हे मात्र कोणी पाहिले नव्हते. ते पुढे येईलच.

मोजणीची सुरुवात युरोपात झाली. १८७०मध्ये आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने एक साधा हिशेब मांडला. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते आणि त्या रक्तातून शरीर किती प्राणवायू काढून घेते, या दोहोंचा गुणाकार म्हणजे शरीराने वापरलेला प्राणवायू. पन्नासेक वर्षांनी, १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला, मँचेस्टरमध्ये आर्चिबाल्ड हिल पाठीवर मोठी पिशवी बांधून गवतावर गोल गोल धावू लागले. गृहस्थ स्वतः चांगले धावपटू, आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी. सोडलेला श्वास पिशवीत गोळा करायचा आणि त्यात किती प्राणवायू उरला ते तपासायचे. त्यांना आढळले की वेग वाढवला की प्राणवायूची उचल वाढते, पण एका मर्यादेनंतर कितीही जोर लावा, ती वाढत नाही. हिल यांची स्वतःची मर्यादा मिनिटाला सुमारे ४ लिटर होती. हीच दमाची कमाल.

आता ती मोजतात वजनाच्या हिशेबाने. स्वस्थ बसलेल्या माणसाला दर किलोमागे मिनिटाला साडेतीन मिलिलिटर प्राणवायू पुरतो. सराव नसलेला निरोगी तरुण ४०-४५पर्यंत जातो. लांब पल्ल्याचे जागतिक दर्जाचे पुरुष धावपटू ७० ते ८५पर्यंत पोहोचतात. आणि हृदय कमजोर झालेल्या रुग्णाचा आकडा १४च्या खाली गेला, तर हृदयरोपणाचा विचार करावा, असा संकेत १९९१च्या एका अभ्यासानंतर रूढ झाला. चौदा आणि पंच्याऐंशी, माणूस तोच.

फरक पडतो कुठे? आपण म्हणतो 'छातीत दम नाही' आणि बोट दाखवतो फुफ्फुसाकडे. निरोगी माणसात फुफ्फुसाची बिचाऱ्याची चूक क्वचितच असते; त्याच्याकडे भरपूर शिल्लक असते. बहुधा अडते ते हृदयाच्या पंपावर. विश्रांतीत तो मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलतो, जोराच्या धावेत साधारण तरुणाचा २०पर्यंत जातो, तर कसलेल्या धावपटूचा ३५च्याही पुढे. गंमत म्हणजे सरावाने हृदयाचे कमाल ठोके वाढत नाहीत. वाढते ते एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त.

मग सराव केला की सगळेच सारखे होतात का? १९९०च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात शेकडो लोकांना, आईवडील आणि मुले अशा कुटुंबांसकट, २० आठवडे एकसारखा व्यायाम दिला गेला. सरासरी वाढ सुमारे ४०० मिलिलिटर झाली. पण काहींची जवळजवळ शून्य, तर काहींची लिटरभर. या फरकातला साधारण निम्मा भाग कुटुंबाकडून आलेला निघाला. म्हणजे रक्तात काही असते हे खरे, पण ते जमातीजमातीनुसार नव्हे, घराघरानुसार बदलते. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत घ्या. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. लहानपणी लांबून पाणी आणणारी ही मुलगी. पण त्याच वाटेने हंडे वाहणाऱ्या तिच्या किती मैत्रिणींना कोणी मैदानावर नेले?

उलट, असलेला दम घालवणे फार सोपे. १९६६मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला पाच धडधाकट तरुणांना २० दिवस अंथरुणात झोपवून ठेवले. त्यांची कमाल सव्वा टक्क्यांहून अधिक नव्हे, चांगली सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेले नुकसान त्या तीन आठवड्यांच्या खाटेपेक्षा कमी भरले! आपल्याकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या वडिलांना घरचे पलंगावरून उतरू देत नाहीत. 'आप्पा, पाणी आम्ही देतो, तुम्ही पडून राहा.' माया खरी, पण आप्पांचा दम त्या मायेने जातो. आता डॉक्टर त्यांच्या देखरेखीखाली लवकर चालायला लावतात. सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो, एवढ्यावरूनही बरेच कळते. त्याला यंत्र लागत नाही, दवाखान्याचा लांब व्हरांडा पुरतो.

आता रक्ताकडे येऊ. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. हिमोग्लोबिन १५ असेल तर लिटरभर रक्तात २०० मिलिलिटर प्राणवायू मावतो. ८ असेल तर जेमतेम १०७. हृदय कितीही धडधडले तरी अर्धी रिकामी गाडीच धावते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. 'जिना चढले की धाप लागते, वय झाले' असे पस्तिशीतली बाई म्हणते, तेव्हा आधी तिचे रक्त तपासायला हवे.

सातपुड्यात याला आणखी एक पदर आहे, सिकलसेलचा. कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या या रक्तपेशी शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१०मध्ये प्रथम नोंदवल्या. भारतात त्या १९५२मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडल्या. पुढे भिल्ल आणि पावरा समाजांतही हा आजार मोठ्या प्रमाणात असल्याचे दिसले. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी त्यावर अनेक वर्षे काम केले, २०१९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आला तर माणूस वाहक असतो आणि सहसा ठणठणीत असतो. शिवाय त्याला मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४मध्ये दाखवले. आउट्रमच्या काळात पलटणी तापाने फणफणत असताना भिल्ल त्याच दऱ्यांत वावरत होते, त्यात या पेशींचाही वाटा असू शकेल. पण दोष दोन्हीकडून आला, तर मूल रुग्ण होते. हिमोग्लोबिन कायम कमी, सांधे दुखतात, धावताना धाप लागते. ज्या पेशींनी आजोबांना तारले असेल, त्यांनीच नातवाचा दम काढून घ्यावा!

पहाटे धुळे-शिरपूरच्या रस्त्यांवर पोलीस भरतीची १६०० मीटरची तयारी करणारी पोरे दिसतात. त्यांतल्या वाहक मुलाला धावायला मनाई करण्याचे कारण नाही. मात्र जळगाव-भुसावळच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, पाणी न पिता, पहिल्याच दिवशी जीव तोडून धावणे त्याला धोक्याचे ठरू शकते. सवय हळूहळू लावावी, पाणी सोबत असावे. आणि आश्रमशाळेच्या शर्यतीत मधेच बसणारी मुलगी आळशी आहे असे ठरवण्याआधी तिच्या बोटातला थेंबभर रक्त काढावे.

सिकलसेलच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि तिने २०४७ हे वर्ष समोर ठेवले आहे. पहिली चाचणी अगदी साधी आहे. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, काही मिनिटे थांबायचे आणि नळीमागे रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकलसेल नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर मुलगी वाहक आहे की रुग्ण, हे ठरवायला नमुना पुढच्या तपासणीसाठी पाठवायचा.